साडेचारशे किलोंचा संसार

ऑस्ट्रेलियात येऊन पंधरा-वीस वर्षं झाली, घराचे हप्ते अंगवळणी पडले आणि मुलं एका शब्दात उत्तरं द्यायला लागली, की मराठी माणसाला निसर्गाची ओढ लागते. ही ओढ आधी तंबूच्या रूपाने घरात शिरते. तंबूत एक रात्र काढली की पाठीचा मणका न मणका स्वतःची ओळख करून देतो. मग निसर्ग तोच ठेवून पाठ तेवढी वाचवायचे मार्ग शोधणं सुरू होतं आणि ती वाट थेट कॅम्पर ट्रेलरपाशी जाते. तिथून पुढे सगळा उतार.

ज्यांनी ही वस्तू पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाडीमागे जोडायची, दणकट टायरांची पत्र्याची पेटी. झाकण उलगडलं की आतून जाड कॅनव्हासचा तंबू उभा राहतो, त्यात दोघांची ऐसपैस गादी असते. पेटीच्या कुशीतलं दार उघडून जरा हिसका दिला, की तीन बर्नरची शेगडी, सिंक आणि ओटा असं अख्खं स्टीलचं स्वयंपाकघर रुळांवरून सरकत बाहेर येतं. तो हिसका विक्रेता स्वतः देऊन दाखवतो. तोवर मी खालची स्प्रिंगं बघत असतो, बायको गादी दाबून बघत असते. ओटा बाहेर आला की दोघंही किंमत विचारायचं विसरतो.

विक्रेता जी गोष्ट दाखवत नाही ती पुढच्या दांड्यावर असते: एक छोटीशी पाटी. तिच्यावर दोन आकडे. एक टेअर, म्हणजे रिकाम्या ट्रेलरचं वजन. आमच्याचं १५५० किलो. दुसरा एटीएम, म्हणजे भरल्यावर जास्तीत जास्त किती होऊ द्यायचं ते, २००० किलो. वजाबाकी साडेचारशे. आपला जो काही संसार असेल तो एवढ्यात बसवायचा. पुढे गेलात तर दंड, आणि अपघात झालाच तर विमा कंपनीला हात वर करायला आयतं कारण.

साडेचारशे किलो ऐकायला पुष्कळ वाटतात. पण पाण्याची टाकी १२० लिटरची, आणि पाणी लिटरमागे किलोचा हिशेब सोडत नाही. उरले ३३०. गॅसच्या नऊ किलोच्या दोन टाक्या. हे नऊ किलो नुसत्या गॅसचे, टाकीसकट एकीचं वजन अठराच्या घरात. म्हणजे ३६ गेले. फ्रिज आणि त्यातला ऐवज ५०. बाजूला उलगडायचा मांडव २५. इथवर एक सदरा भरलेला नाही, तांदळाचा दाणा चढवलेला नाही, आणि निम्म्याहून जास्त संसार आटोपला.

परदेशी राहणाऱ्या मराठी घरात बॅग लटकवून वजन करायचा काटा असतोच. विमानाच्या तेवीस किलोंनी तो शिकवलेला असतो. आता तो काटा दिवाणखान्यात मुक्कामाला आला. ही माझ्या हत्यारांच्या पेटीचं वजन करायची, मी हिच्या डब्यांचं. पेटी निम्मी झाली. डबे होते तेवढेच राहिले.

बरं, वजन किती एवढ्यावर भागत नाही, ते ठेवलंय कुठे हेही बघावं लागतं. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा जोडणीच्या गोळ्यावर यावा असा इथला ठोकताळा. मागे जास्त भरलं तर ट्रेलर वेग घेताच डावी-उजवीकडे झुलायला लागतो आणि गाडीलाही झुलवतो. पुढे जास्त भरलं तर गाडीचं मागचं अंग दबतं, पुढचं उचललं जातं आणि स्टिअरिंग हलकं लागतं. शिवाय गोळ्यावर आलेले ते दोनशे किलो ट्रेलरच्याही खात्यात धरायचे आणि गाडीच्याही. एकच बोजा दोन वह्यांत मांडायची ही पद्धत बघून आमच्या ओळखीचे एक निवृत्त ऑडिटर फार हळवे झाले.

यापुढचा प्रांत विजेचा. पूर्वी मंडळाच्या गणपतीत पुरुषमंडळी प्रसादाच्या रांगेत घरांच्या किमतींवर बोलायची. आता अँपिअर-अवरवर बोलतात. लिथियमवाले एका बाजूला, शिशाच्या बॅटरीवाले दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये मोदक. लिथियमवाल्यांचं म्हणणं बिनतोड आहे: शंभर अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी तीस किलोंच्या आसपास, आणि तिचं आयुष्य टिकवायचं तर त्यातली निम्मीच वीज वापरायची. तेवढ्याच क्षमतेची लिथियमची बारा-तेरा किलो, आणि जवळजवळ सगळी वापरा. शिशावाल्यांचं म्हणणं एवढंच, की ती कितीला पडली ते घरी सांगितलंयत का.

पण लिथियम झाली तरी तिच्या पोटात असतात साधारण १२८० वॉट-अवर. दोन हजार वॉटची इंडक्शन शेगडी लावली तर चाळीस मिनिटांच्या आत सगळा खेळ खलास. भात होईल, आमटी अंधारात. म्हणून स्वयंपाक गॅसवर आणि वीज फ्रिजला, असा शहाणा माणूस वाटा करतो. तरी प्रत्येक मराठी घरात एक प्रश्न निघतोच, आणि आमच्याकडे तो हिने काढला: "मिक्सरचं काय?" साडेसातशे वॉटचा मिक्सर बारा व्होल्टच्या बॅटरीतून साठ-सत्तर अँपिअर ओढतो. वीज फार जात नाही, चटणीला लागतात किती मिनिटं. पण तो झटका सोसायला दांडगा इन्व्हर्टर हवा, त्याला मनगटाएवढ्या तारा हव्यात आणि त्यांना जागा हवी. मी तारांचं कोष्टक काढून बसलो होतो, तेव्हा नुकत्याच पेणहून आलेल्या सासूबाईंनी बॅगेतून, धुवट साडीत गुंडाळलेला लोखंडी खलबत्ता काढून टेबलावर ठेवला.

"याला बटण नाही," त्या म्हणाल्या.

तेवीस किलोंच्या बॅगेत त्यांनी लेकीसाठी खलबत्ता आणला होता. मी काट्याला लावून बघितला. इन्व्हर्टरपेक्षा हलका निघाला.

सौरऊर्जेचा म्हणून एक वेगळाच स्वभाव आहे. दोनशे वॉटचं घडीचं पॅनेल स्वच्छ दिवशी फ्रिजची भूक भागवून चार दिवे आणि मोबाइल सांभाळतं. मात्र पॅनेलला ऊन हवं, फ्रिजला सावली हवी आणि माणसांनाही सावलीच हवी. त्यामुळे ट्रेलर झाडाखाली, पॅनेल लांब वायरीने उन्हात, आणि सूर्य सरकेल तसं ते हलवायला घरातला कर्ता पुरुष. विश्रांतीसाठी आलेल्या त्या पुरुषाला दर दोन तासांनी उठवायची ही व्यवस्था निसर्गाच्या सान्निध्यात चोख चालते.

उबेचाही इथेच निकाल लावू. मेलबर्नच्या आसपासच्या डोंगरात मे महिन्याची रात्र हाडांत शिरते. कितीही थंडी वाजली तरी तंबूत शेगडी किंवा निखारे न्यायचे नाहीत. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो झोपेतल्या माणसाला उठवत नाही. म्हणून डिझेलचा हीटर. त्याचा जाळ बाहेरून हवा घेतो, धूर बाहेर सोडतो आणि आत नुसती गरम हवा येते. सुरू होताना तो टिक-टिक-टिक करतो, मग सुस्कारा टाकतो. सासूबाई त्याला उद्देशून पहिल्या रात्री "झोपा आता" म्हणाल्या.

सासूबाईंची खरी अट निराळी होती. "बाकी काही असो, सकाळची सोय आहे ना?" होती. पाच किलोंचा डब्यासारखा संडास आणि त्याभोवती उभा तंबू. जिथे तोही नेता येत नाही तिथे व्हिक्टोरियातला नियम असा: पाण्यापासून आणि मुक्कामापासून शंभर मीटर दूर, निदान पंधरा सेंटिमीटर खोल खड्डा, आणि वर माती. हातात फावडं आणि टमरेल घेऊन निघालेल्या माणसाला जगात कुठेही कोणी "कुठे निघालात?" विचारत नाही.

इतका सरंजाम लावून पहिला मुक्काम केला तो गिप्सलँडच्या जंगलात. तिथे आम्ही प्रेशर कुकर लावला. कुकर हलका नाही, पण गॅस वाचवतो, पाणी वाचवतो, म्हणजे स्वतःचं वजन भरून काढतो, असा ठराव घरात आधीच झाला होता. पहिल्या शिट्टीला शेजारचा कुत्रा उठून उभा राहिला. दुसरीला मालक उठला. तिसरीला चार तंबूंमधून डोकी बाहेर आली. एकाच्या हातात आग विझवायचं नळकांडं होतं. गॅस बंद करून मी हात हलवला आणि "राईस, राईस" म्हणालो. त्या भागात लायरबर्ड नावाचा पक्षी असतो, ऐकलेल्या आवाजांची हुबेहूब नक्कल करणारा. उद्या त्या जंगलात कोणाला भर दुपारी तीन शिट्ट्या ऐकू आल्या आणि वरणाचा वास मात्र आला नाही, तर त्यांनी आम्हाला क्षमा करावी.

उघड्यावर स्वयंपाक करण्यात ऑस्ट्रेलियन माणसाचा अभिमान एका भांड्यात साठलेला असतो: कॅम्प ओव्हन. तीन पायांचं बिडाचं पातेलं, त्याला बिडाचंच कडा असलेलं झाकण. झाकणावर निखारे ठेवायचे म्हणून ती कड. भाजायचं असेल तर एक भाग निखारे खाली, दोन भाग वर. आत डँपर नावाचा साधा पाव किंवा मटणाची तंगडी. हे सगळं मी कौतुकाने सासूबाईंना सांगत होतो, आणि त्या ज्या नजरेने ऐकत होत्या ती जावयांना चांगली ओळखता येते.

"म्हणजे पोपटी," त्या म्हणाल्या.

रायगडात थंडीत वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी असं मडक्यात भरतात, मीठ-ओवा घालतात, पाण्याचा थेंब घालत नाहीत. तोंड भांबुर्ड्याच्या पाल्याने गच्च बंद करून मडकं पालथं घालतात आणि वरून जाळ. शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात आणि पाल्याचा वास त्यांत उतरतो. शेंगांच्या ऐवजी इंडियन स्टोअरमधली गोठवलेली पापडी आणलेली होती. भांबुर्डा कुठून आणायचा? मी सभोवार बघितलं. नजर जाईल तिथवर निलगिरीची झाडं, आणि खाली पाल्याचा खच.

"हा घातला तर पोपटी होणार नाही," सासूबाई म्हणाल्या, "सर्दी बरी होईल."

कोबीची पानं वापरली. खड्डा खणला तो कायद्याने: व्हिक्टोरियात बांधीव चूल नसेल तर चर तीस सेंटिमीटर तरी खोल हवा, आग एक चौरस मीटरच्या आत हवी, भोवतालची तीन मीटर जमीन पालापाचोळा काढून मोकळी हवी, जवळ दहा लिटर पाणी हवं, आणि विझवायची तर पाण्यानेच, मातीखाली निखारे धुमसत राहतात. 'टोटल फायर बॅन' जाहीर झालेल्या दिवशी तर काडीही ओढायची नाही. पेणच्या माळावर असं काही नसतं. तरी सासूबाईंनी तीन मीटर स्वतः पावलांनी मोजले, आणि झाकण उघडलं तेव्हा नळकांडंवाला शेजारी ताटली घेऊन आला होता.

त्या यशाच्या भरात आम्ही लांबचा पल्ला धरला: दक्षिण ऑस्ट्रेलियातले फ्लिंडर्स डोंगर. मेलबर्नहून मिलड्युरा आणि तिथून पश्चिमेला. या वाटेवर राज्याच्या सीमेजवळ यांबा नावाची तपासणी चौकी आहे. फळमाशी दक्षिण ऑस्ट्रेलियात शिरू नये म्हणून तिथे गाड्या थांबवतात आणि ताजी फळं काढून घेतात. त्यांच्या यादीत टोमॅटो, वांगी आणि मिरच्याही फळांतच मोडतात. मिलड्युराच्या मुक्कामी मी हे सांगितलं तेव्हा फ्रिजमध्ये पाऊण किलो हिरव्या मिरच्या होत्या.

"शिजवलेल्या चालतात का?" सासूबाईंनी विचारलं.

शिजवलेल्याला हरकत नसते. मी ओटा बाहेर ओढला. सासूबाईंनी तवा ठेवला, तेल सोडलं, देठं काढलेल्या मिरच्या पसरल्या आणि त्यांना डाग पडेपर्यंत परतल्या. मग लसूण, मग शेंगदाणे, मग जिरं. वारा आमच्याकडून कारवान पार्कच्या कचेरीकडे वाहत होता. तिथून खोकल्याचा आवाज आला आणि खिडकी बंद झाली. खलबत्ता कामाला लागला. टोमॅटोंचं सार झालं, वांग्यांचं भरीत. चौकीवर अधिकाऱ्याने फ्रिज उघडला, भाजीचा कप्पा रिकामा बघून समाधान पावला, आणि बरणीकडे बोट दाखवलं. मी "कुक्ड" म्हणालो. त्याने झाकण फिरवून वास घेतला. एकही माशी यातून वाचणार नाही याची त्याची तिथेच खात्री पटली असावी. झाकण त्याने घाईने आणि फार घट्ट लावून परत दिलं.

पुढे डांबर संपलं आणि कच्चा रस्ता लागला. या रस्त्यांवर आडव्या लाटा असतात, आणि त्या गाड्यांनीच घडवलेल्या असतात: चाक एका उंचवट्यावरून उडतं, पुढे आपटतं, तिथली माती लोटून पुढचा उंचवटा रचून ठेवतं, मागून येणारा त्यात भर घालतो. टायरमधली हवा कमी केली की हादरे जरा बोथट होतात. तरी तासाभराने स्क्रू आपोआप फिरायला लागतात. म्हणून जाणकार सगळीकडे नायलॉनच्या कड्याचे नट बसवतात. हवेचंही शास्त्र आहे: धावत्या ट्रेलरच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि धूळ प्रत्येक फटीतून आत ओढली जाते. उपाय म्हणून छताजवळ पुढे तोंड केलेला, गाळणी लावलेला झरोका ठेवतात. तो आतला दाब वाढवतो आणि धुळीला बाहेर थोपवतो. हे सगळं आम्ही केलं होतं. नट, झरोका, रबरी पट्ट्या, सारं जागच्या जागी होतं. मिसळणाच्या डब्याला मात्र नायलॉनचा नट नसतो.

मुक्कामाला पोचून सासूबाईंनी डबा उघडला. सात वाट्या होत्या, पण आता त्या नुसत्या बसायच्या जागा होत्या. मंडळी कोणीही कुठेही बसली होती. मोहरी हळदीत पुरलेली, जिरं तिखटात, मेथी सगळ्यांच्या खाली जाऊन दडलेली, आणि हिंगाने कोणालाच वगळलं नव्हतं. वरून तांबड्या धुळीचा एक पातळ थर. तिथल्या मातीत लोह इतकं, की तिचा आणि ब्याडगी मिरचीच्या पुडीचा रंग डोळ्यांनी वेगळा काढता येत नाही; दातांनी येतो. तेल तापवून त्या मिश्रणाचा एक चमचा टाकला. हळद करपली तरी मोहरी तडतडायचं नाव घेईना. शेवटी फोडणी बिनमोहरीची झाली, आणि फिरकीच्या झाकणाच्या छोट्या बरण्या पुढच्या खरेदीच्या यादीत सगळ्यात वर गेल्या. यादीत पहिलाच उल्लेख नव्वद ग्रॅमच्या वस्तूचा, असं प्रथमच घडत होतं.

तिथल्या उद्यानात पडलेलं लाकूडही उचलायची मनाई असल्याने तीस किलो सरपणही आम्ही वाहून आणलं होतं. मांडव उलगडून, पाय टेकवून, पॅनेल लावून, सरपण उतरवून, ओटा ओढून, खुर्च्या मांडून दीड तासाने मी मान वर केली, तर शेजारी एक सत्तरीचा गृहस्थ आला होता. त्याने गाडीतून कॅनव्हासची वळकटी काढून जमिनीवर टाकली. इथे तिला स्वॅग म्हणतात. आत पातळ गादी, वर झाकण, झोपायचं आणि सकाळी गुंडाळायचं. टाकली आणि त्याचं घर झालं. मग तो त्यावर बसून डब्यातले गार बीन्स चमच्याने खायला लागला.

"उपाशी दिसतोय हो," सासूबाई म्हणाल्या, आणि पिठलं-भात-ठेच्याचं ताट घेऊन मला पाठवलं.

त्याने पिठलं दोनदा घेतलं, ठेच्यावर पाणी तीनदा घेतलं आणि आमच्या ट्रेलरची बारकाईने पाहणी केली. त्याच्याकडेही असाच होता म्हणे. त्याआधी तंबू, त्यानंतर मोठी कारवान, आंघोळीच्या खोलीसकट. ती ओढायला मोठी गाडी. मग सगळं विकून टाकलं आणि एवढी वळकटी ठेवली. आणि जेवायचं काय, असं मी विचारलं. त्याने ताट पुसून घेत सांगितलं, की जिथे जातो तिथे कोणीतरी असं स्वयंपाकघर बाहेर काढून बसलेलंच असतं, आणि त्यांच्याकडे नेहमी जास्तीचं शिजलेलं असतं.

मी हे मराठीत करून सांगितलं. सासूबाईंनी त्या वळकटीकडे बघितलं, मग आमच्या साडेचारशे किलोंकडे.

"शहाणा आहे," त्या म्हणाल्या. "पुढच्या खेपेला आपणही एवढंच घेऊन यायचं. फक्त शेजारी उतरलेले कोकणातले आहेत ना, तेवढं आधी विचारून घ्या."